थोरवीचें माप

‘थोर’ हा शब्द आपण फार सढळ हातानें वापरतों. जयंतीच्या दिवशीं व्यासपीठावर, पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या ओळींत, चौकांतल्या फलकावर, जेथें पाहावें तेथें थोर पुरुषांची दाटी झालेली दिसते. परंतु अमुक पुरुष थोर कां, असें कोणी सरळ विचारिलें, तर आपली जीभ अडखळते. आमची ती एकदां अशीच अडखळली होती. ती हकीकत सांगावी, आणि तिच्या निमित्तानें जो विचार आमच्या मनांत अनेक वर्षें घोळत आहे तो विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

शाळेंत असतां शिवजयंतीच्या वक्तृत्वस्पर्धेंत आम्हीं भाग घेतला होता. भाषण पाठ होतें, आवाज खणखणीत होता, आणि विशेषणांची तर लयलूट होती. महाराज सिंहासारखे, महाराज सूर्यासारखे. शत्रु थरथर कांपले, किल्ले धडाधड पडले. तरुण वयांत राज्य मिळविलें, मृत्यूला भ्याले नाहींत. टाळ्या भरपूर मिळाल्या, बक्षीसही मिळालें. सभा संपल्यावर आमच्या इतिहासाच्या शिक्षकांनीं आम्हांस जवळ बोलावलें. ते म्हणाले, “भाषण छान झालें. आतां घरीं जा, आणि त्यांत महाराजांचें नांव जेथें जेथें आलें आहे तेथें तेथें शिकंदराचें नांव घालून पाहा. कोणतें वाक्य खोटें ठरतें, तें मला उद्यां सांग.”

त्या रात्रीं आम्ही वही घेऊन बसलों. एकेक वाक्य वाचीत गेलों, आणि आमचा बक्षिसाचा आनंद हळूहळू ओसरूं लागला. शिकंदर शूर नव्हता काय? होता. तरुण वयांत राज्यावर बसला नव्हता काय? विसाव्या वर्षींच बसला होता. त्याचे शत्रु कांपत नव्हते काय? ग्रीसपासून पंजाबपर्यंत कांपत होते. गांवांचीं व किल्ल्यांचीं नांवें तेवढीं बदलावीं लागलीं. बाकी भाषण जसेंच्या तसें त्या परक्या राजाच्या अंगावर चपखल बसलें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं मान खालीं घालून सांगितलें कीं, एकही वाक्य खोटें ठरत नाहीं. शिक्षक हंसले नाहींत, रागावलेही नाहींत. “मग तूं शूरपणा सांगितलास, थोरपणा अजून सांगावयाचा राहिला आहे,” एवढेंच ते बोलले.

हा राहिलेला थोरपणा कोठें शोधावयाचा? राज्याच्या विस्तारांत म्हणावें, तर सतराव्या शतकांत औरंगजेबाच्या राज्यापुढें महाराजांचें राज्य लहानच होतें. जिंकलेल्या लढायांत म्हणावें, तर तैमूरलंगानें किती तरी अधिक लढाया जिंकल्या, आणि त्याच्या वाटेवर मागें राहिलीं तीं उजाड नगरें. कीर्तीच्या घोषांत म्हणावें, तर शिकंदराची कीर्ति दोन हजारांहून अधिक वर्षें गाजत आहे. परंतु इसवी सनापूर्वी ३२३ या वर्षीं तो वारला, आणि त्याच्या सेनापतींनीं त्याचें राज्य आपसांत वांटून घेतलें. विस्तार, विजय व कीर्ति हीं तिन्ही मापें थोरवी मोजावयास अपुरीं पडतात, एवढें त्या वयांतही आमच्या ध्यानांत आलें. पुरेसें माप कोणतें, तें मात्र कळेना.

तें माप आम्हांस पुस्तकांत सांपडलें नाहीं. आमच्याच एका अपराधांत सांपडलें.

त्याच वर्षीं आमच्या वर्गाची सहल सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेली. आम्ही वर्गनायक होतों. मालवणच्या धक्क्यावरून होडीनें निघालों, तेव्हां समोर पाण्यांतून वर आलेला तो काळा तट आम्हीं शेंकडों वेळां पाहिलेला असूनही त्या दिवशीं निराळाच भासला. वाटेंत शिक्षकांनीं माहिती सांगितली. कुरटें नांवाच्या खडकाळ बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं या किल्ल्याच्या कामास आरंभ झाला. ज्या खडकापाशीं पायाभरणीची पूजा झाली असें सांगतात, तो मोरयाचा धोंडा किनाऱ्यावर अजून आहे. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि वखारवाले इंग्रज यांच्या गलबतांनीं हा दर्या व्यापला होता. ज्याचें आरमार त्याचा समुद्र, हें ओळखून येथें हें नवें ठाणें घातलें. काम सुमारें तीन वर्षें चाललें. शिक्षक पुढें म्हणाले, “हीं तीन वर्षें कोणतीं, तें मनांत मोजा. १६६५ सालीं पुरंदरचा तह होऊन तेवीस किल्ले मोंगलांस द्यावे लागले. १६६६ सालीं महाराज आग्र्यास कैदेंत होते. अशा काळांतही या बेटावर चिऱ्यावर चिरा चढतच होता.” धन्याची पाठ फिरतांच थांबतें तें काम भयानें चाललेलें असतें, धनी शेंकडों कोसांवर अडकला असतां जें चालू राहतें, तें विश्वासानें चाललेलें असतें. हा अर्थ आम्हांस पुढें कळला. त्या दिवशीं मात्र आमचें लक्ष दुसरीकडे होतें.

ऊन कडक होतें. तट चढून, दुधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहून आम्ही थकलों होतों. किल्ल्यांत कांहीं कुटुंबें पिढ्यान् पिढ्या राहत आलीं आहेत. त्यांपैकीं एका घरामागें नुकतीं उतरविलेलीं शहाळीं रचून ठेविलेलीं होतीं. घरांत कोणी दिसेना. सोबती आमच्या तोंडाकडे पाहूं लागले, कारण नायक आम्ही होतों. आम्हीं मोठ्या रुबाबांत म्हटलें, “किल्ला आपल्या राजाचा. मग येथलीं शहाळीं परक्याचीं कशीं?” सर्वांस हें उत्तर फार आवडलें. दहा-बारा शहाळीं हां हां म्हणतां फुटलीं.

शिक्षकांस हें कळल्यावांचून राहिलें नाहीं. त्यांनीं छडी उगारली नाहीं. आम्हां सर्वांस तटाच्या सावलींत बसविलें, आणि एका पत्राची गोष्ट सांगितली. १६७३-७४ च्या सुमारास महाराजांची घोडदळाची छावणी पावसाळ्यासाठीं चिपळुणाकडे राहिली होती. तेथल्या अंमलदारांस महाराजांनीं एक पत्र लिहविलें. त्यांत लढाईचा डावपेंच नाहीं, जयघोष नाहीं. पावसाळ्यासाठीं जमविलेलें धान्य, दाणा व गवत आतांच उधळून टाकाल, तर ऐन पावसांत घोडीं उपाशीं मरतील. मग शिपाई कुणब्यांच्या घरांत शिरून कोणी दाणे आणील, कोणी भाजी, कोणी लांकूडफांटा. आणि असें झालें, म्हणजे मोंगल आले तरी याहून बरे होते, असें रयतेस वाटेल, असा त्याचा आशय. म्हणून जें हवें तें बाजारांत पैसे देऊन विकत घ्यावें. रयतेस काडीचाही उपद्रव होऊं नये. त्याच पत्रांत असेंही बजाविलें आहे कीं, रात्रीं दिवे जळते ठेवूं नयेत, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, आणि सगळी छावणी संकटांत पडेल.

पत्राची गोष्ट संपली. तटावर आपटणाऱ्या लाटांचा आवाज तेवढा येत होता. मग शिक्षक आमच्याकडे वळून म्हणाले, “ज्यानें भाजीच्या देठाला हात लावूं दिला नाहीं, त्याचें नांव घेऊन तूं दहा शहाळीं उचललींस.”

तो घाव आम्ही अद्याप विसरलों नाहीं. खिशांतले पैसे गोळा करून आम्ही त्या घरीं गेलों. एक म्हातारी बाई दारांत येऊन बसली होती. आम्हीं अपराध सांगितला, पैसे पुढें केले. ती म्हणाली, “झिलांनो, तुमी मागलां असतां तर मियां नाय म्हटलां असतां काय?” पैसे तिनें महत्प्रयासानें घेतले. परततांना होडींत शिक्षकांनीं आम्हांस हळूच विचारिलें, “काय, शिकंदराचें नांव घालून खोटें ठरेल असें वाक्य मिळालें ना?” मिळालें होतें. पण तें मिळविण्यासाठीं आमची मान खालीं झाली होती.

पुढें वय वाढल्यावर आम्हीं महाराजांच्या काळचीं आणखी कांहीं पत्रें वाचलीं, आणि तें एकच पत्र अपवाद नव्हे, अशी खातरी झाली. ५ सप्टेंबर १६७६ रोजीं प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेलें पत्र घ्या. गांवोगांव फिरून कुणबी गोळा करावे. ज्याला कसावयाची ताकद आहे पण बैल नाहींत त्याला बैलांसाठीं पैसा द्यावा, ज्याच्या घरीं दाणा नाहीं त्याला दाणा द्यावा. आणि दिलेलें कर्ज वाढीदिढीशिवाय, केवळ मुद्दल, त्याला झेपेल तसें हळूहळू वसूल करावें, असें त्यांत सांगितलें आहे. यासाठीं दोन लाख लारी खर्च पडला तरी तो सरकारास मान्य आहे, असेंही म्हटलें आहे. लारी म्हणजे त्या काळीं कोंकणपट्टीवर चालणारें चांदीचें नाणें. आपल्याच जिल्ह्यांतल्या कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांना १६७१ सालीं गेलेलें पत्र तर मिठाविषयीं आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशांतलें मीठ स्वस्त पडतें म्हणून व्यापारी तेंच नेऊं लागले, तर संगमेश्वराकडचें आपलें मीठ पडून राहील. तेव्हां बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवून तें आपल्या मिठाहून महाग पडेल असें करावें, अशी त्यांत आज्ञा आहे. आणि १६७५ सालचें जिवाजी विनायक सुभेदारास लिहिलेलें पत्र रागाचें आहे. जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग बांधीत असलेल्या आरमाराला रसद व पैसा वेळेवर पोहोंचला नाहीं, म्हणून तें पत्र त्या अधिकाऱ्याची चांगलीच हजेरी घेतें, आणि उच्च जातीचा म्हणून कोणाची भीड धरली जाणार नाहीं, हेंही स्पष्ट सांगतें.

वाचकहो, हीं पत्रें शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. भाजी, बैल, मीठ, गवताची गंजी, दिव्याची वात. ज्या गोष्टींवर कोणी पोवाडा रचीत नाहीं, त्यांची या राजाला काळजी होती. आणि यांतील करडा शब्द कोणासाठीं आहे, तेंही पाहा. तो परक्या शत्रूसाठीं नाहीं. आपल्याच शिपायांसाठीं, आपल्याच अंमलदारांसाठीं आहे. शत्रूला दटावणें सोपें असतें. तेथें टाळ्या मिळतात. आपल्या माणसाचा हात धरणें कठीण असतें. तेथें रुसवे मिळतात. आमच्या अल्प मतीप्रमाणें थोरवीचें माप येथें आहे. पुढारी दुसऱ्यांवर किती सत्ता चालवितो, यावरून तो मोठा आहे कीं नाहीं हें कळेल. स्वतःच्या व स्वकीयांच्या सत्तेला तो कोठें बांध घालतो, यावरून तो थोर आहे कीं नाहीं हें कळतें.

येथें कोणी सुज्ञ वाचक विचारील, “मग सुरतेचें काय?” हा प्रश्न रास्त आहे, व तो टाळणें आम्हांस शोभणार नाहीं. १६६४ च्या जानेवारींत सुरत लुटली गेली, आणि ज्यांचें गेलें त्यांना तें दुःखच झालें. १६६५ सालीं महाराज मालवणाहून गलबतांनीं निघून बसरूरवर गेले, तेथेंही लुटीसाठींच. मोंगलांच्या फौजांनीं मुलूख जाळला होता, खजिना रिता होता, हीं कारणें इतिहास सांगतो. तथापि कारण सांगणें म्हणजे दुःख पुसणें नव्हे. थोर पुरुष हा देव नव्हे. त्याच्या चरित्रांतील अवघड पानें फाडून टाकल्यानें त्याची थोरवी वाढत नाहीं. आपला भित्रेपणा तेवढा उघड होतो. मात्र त्याच अवघड पानावर आणखी कांहीं लिहिलेलें असतें, तेंही वाचावें. बर्निये नांवाच्या फ्रेंच प्रवाशानें लिहून ठेविलें आहे कीं, सुरतेच्या लुटींत ॲम्ब्रोझ नांवाच्या एका पाद्रीबाबांच्या घराला धक्का लावूं दिला गेला नाहीं. आणि खाफीखान हा मोंगलांकडचा इतिहासकार, जो महाराजांस शिव्याशाप दिल्यावांचून राहत नाहीं, तोच लिहितो कीं, मशिदी, कुराण व स्त्रिया यांस उपद्रव देऊं नये असा त्यांच्या फौजेस सक्त नियम होता. मित्रानें केलेल्या स्तुतीचें मोल थोडें. वैऱ्यास नाइलाजानें लिहावी लागली ती साक्ष खरी.

दुसरीही एक कसोटी आहे, आणि ती काळच लावतो. पुढारी गेल्यावर मागें काय उरतें? १६८० सालीं महाराज वारले. लवकरच औरंगजेब आपली अफाट फौज घेऊन दक्षिणेंत उतरला, व १७०७ सालीं अहमदनगरास मरेपर्यंत परत गेला नाहीं. संभाजीमहाराज मारले गेले, राजधानी पडली, राजाराममहाराजांस जिंजीस जावें लागलें, पुढें ताराबाईंनीं दौलत सांभाळली. परंतु राज्य बुडालें नाहीं. कारण तें एका माणसाच्या मनगटांत नव्हतें. आपण कशासाठीं लढतों हें जाणणाऱ्या हजारों माणसांच्या मनांत होतें. शिकंदरामागें वांटणी उरली; येथें वारसा उरला.

या किल्ल्यानें तर नांवाचीही परीक्षा पाहिली आहे. १७६५ सालीं मुंबईकर इंग्रजांनीं तो जिंकला, आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असें भारदस्त नांव दिलें. पुढें तो करवीरकरांस परत मिळाला. १८१२ सालीं मालवण पुन्हां इंग्रजांकडे गेलें, तें १९४७ पर्यंत. आज किनाऱ्यावरच्या एखाद्या गाबिताला ऑगस्टसचा किल्ला कोणता म्हणून विचारा. तो तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. उलट १ मे १९८१ रोजीं रत्नागिरीपासून निराळा जिल्हा झाला, तेव्हां त्याला या किल्ल्याचेंच नांव मिळालें. सत्तेनें लावलेलें नांव सत्तेबरोबर जातें. लोकांनीं जपलेलें नांव जमिनीला चिकटतें. किल्ल्यांत राजाराममहाराजांनीं १६९५ सालीं बांधविलेलें शिवराजेश्वराचें देऊळ आहे. तेथील मूर्तीला दाढी नाहीं. तिचा वेष दर्यावर्दी माणसाचा आहे. समुद्रावर पोट भरणाऱ्यांस आपला राजा आपल्याचसारखा दिसावा, याहून मोठी पदवी कोणता दरबार देऊं शकेल?

अलीकडची एक गोष्ट सांगून हा लेख आवरतों. किल्ल्यासमोर राजकोट येथें महाराजांचा पुतळा उभारला गेला. ४ डिसेंबर २०२३ रोजीं, नौदल दिनीं, त्याचें अनावरण झालें, आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजीं तो कोसळला. त्या संध्याकाळीं आमच्या घरांतलें एक लहान मूल रडवेलें होऊन म्हणालें, “महाराज पडले!” आम्हीं त्याला हात धरून किनाऱ्यावर नेलें. पावसाळी समुद्र खवळलेला होता, आणि पलीकडे साडेतीनशें वर्षांचा तट लाटा अंगावर घेत उभा होता. आम्हीं म्हटलें, “बाळा, पडला तो पुतळा. महाराजांनीं बांधलेलें तें बघ.” मूल गप्प झालें. आम्ही मात्र गप्प होऊं शकलों नाहीं. या तटाच्या पायांत शिसें ओतलें होतें असें सांगतात. वरच्या शोभेआधीं पायाची काळजी, हीच त्या राजाची रीत. ज्यानें उंदराच्या तोंडांतल्या वातीचा विचार केला, त्याच्या नांवानें कांहीं उभारावयाचें तर पाया आधीं पाहिला पाहिजे. २०२५ सालीं त्याच जागीं नवा पुतळा उभा राहिला. त्याच वर्षीं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, आणि त्यांत आपल्या जिल्ह्यांतले सिंधुदुर्ग व विजयदुर्ग हे दोन आहेत. आनंद आहे. परंतु पुतळ्याची उंची वा जगाचें प्रशस्तिपत्र हीं थोरवीचीं कारणें नव्हेत. आपण त्या थोरवीस वाहिलेलीं फुलें आहेत.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कोणी उद्यां राजा होणार नाहीं. राजांचे दिवस गेले. परंतु कोणी वर्गनायक होईल, कोणी सरपंच, कोणी अधिकारी, कोणी होडीचा तांडेल. प्रत्येकाच्या हातीं थोडी तरी सत्ता येईल, आणि कोणाच्या तरी अंगणांत राखणदाराविना शहाळीं रचलेलीं असतील. तेव्हां सोबती तुमच्या तोंडाकडे पाहतील. त्या क्षणीं तुम्ही काय बोलाल, यावर तुमचें माप ठरेल. आमचें एकदां ठरलें होतें, आणि तें उणें भरलें होतें. तें भरून काढावें म्हणून हा खटाटोप.

पुढील शिवजयंतीस भाषण कराल, तेव्हां आमच्या शिक्षकांची ती युक्ति अवश्य करून पाहा. महाराजांच्या जागीं दुसऱ्या कोणा विजेत्याचें नांव घाला. जीं वाक्यें तरीही खरींच राहतील तीं खुशाल वगळा. जें वाक्य खोटें ठरेल तें नीट जपा, आणि जमलें तर त्याप्रमाणें एक दिवस वागून पाहा.